विंडो पांढरी पडते, काटा मात्र चालूच: एकाच दुखण्याची चार कारणं

आधी लक्षण सांगतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागातल्या एका गाळ्यावर माझं पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या वजनाचा आणि पैशांचा कागद) करायचं सॉफ्टवेअर चालतं. सी शार्प, विनफॉर्म्स (विंडो बनवायची डॉटनेटची लायब्ररी), डॉटनेट फ्रेमवर्क 4.8, खाली डेटाबेस म्हणून एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल वायरीने कॉम्प्युटरला जोडलेला आहे. पोतं काट्यावर पडलं की वजन स्क्रीनवर येतं, दिवाणजी एंटर दाबतात, पट्टीत ओळ पडते. एवढंच काम. पण दिवसातून कधीतरी, आणि तेही नेमकं गर्दीत, विंडो पांढुरकी व्हायची, वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लागायचं, आणि हमाल पुढचं पोतं खांद्यावर घेऊन ताटकळायचे.

हे मी वर्षभरात चार वेळा ‘दुरुस्त’ केलं. चारही वेळा कारण वेगळं होतं, आणि बाहेरून दिसायला चारही वेळा सारखंच. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या दोन्ही वेळचं कारण मीच आधीच्या दुरुस्तीत पेरून ठेवलेलं होतं. तुमचं ॲपही असंच पुन्हा पुन्हा गोठत असेल, तर ‘बॅकग्राउंड थ्रेड टाका’ (म्हणजे जड काम प्रोग्रामच्या वेगळ्या, समांतर धाग्यावर ढकला) या सल्ल्यावर थांबू नका. मी त्यावरच थांबलो होतो.

पांढरी विंडो म्हणजे काय

विंडोजमध्ये जो थ्रेड विंडो बनवतो, त्याच थ्रेडच्या रांगेत तिचे सगळे मेसेज येऊन पडतात: माउसची क्लिक, कीबोर्डची कळ, ‘तुझा हा भाग पुन्हा रंगव’ ही मागणी. थ्रेड एक मेसेज उचलतो, त्याचं काम संपवतो, मग पुढचा उचलतो. गाळ्यावर एकच दिवाणजी असावेत, पट्टीही त्यांनीच लिहायची आणि फोनही त्यांनीच घ्यायचा, तसं. त्यांना गोदामात पोती मोजायला पाठवलं की फोन वाजतच राहणार.

या थ्रेडने 5 सेकंद रांगेकडे पाहिलंच नाही, की विंडोज तुमच्या विंडोवर तिची एक नक्कल चढवतं. ती पांढरट दिसते ती नक्कल. ती माउसने इकडून तिकडे सरकवता येते, लहान करता येते, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणतं, ‘हलतंय की, मग अडकलंय कसं?’ हलते ती विंडोजची नक्कल. आपली खरी विंडो मागे निपचित पडलेली असते.

अंदाज नंतर, आधी टास्क मॅनेजर

गोठलेलं ॲप बंद करू देऊ नका. सगळा पुरावा त्या अवस्थेतच असतो. टास्क मॅनेजर उघडून आपल्या प्रोसेसचा सीपीयू बघा. दोनच शक्यता असतात. सीपीयू शून्यावर असेल तर मुख्य थ्रेड (विंडो बनवणारा तोच) कशाची तरी वाट बघतोय: लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप), डेटाबेस, नेटवर्क, पोर्ट किंवा दुसरा थ्रेड. चार कोरच्या मशीनवर तो 25 टक्क्यांच्या आसपास चिकटून बसला असेल (आठ कोर असतील तर साडेबारा), तर एक थ्रेड पूर्ण ताकदीने काहीतरी दळतोय. या दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. हे न बघता उपाय केला तर काय होतं ते पुढे येईलच.

मग डिटेल्स टॅबमध्ये प्रोसेसवर राइट क्लिक करून डंप फाइल (त्या क्षणीच्या प्रोसेसच्या मेमरीची नक्कल) बनवायची. ॲप 32 बिटचं असेल तर सिसवाव64 फोल्डरमधला टास्क मॅनेजर वापरा. नेहमीच्या 64 बिटवाल्याने काढलेला डंप पुढे उघडताना त्रास देतो. डंप व्हिज्युअल स्टुडिओत उघडून मुख्य थ्रेडचा कॉल स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती यादी) वाचायचा. त्या क्षणी थ्रेड कुठल्या ओळीवर उभा होता ते लख्ख दिसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिसऱ्या खेपेपर्यंत मी केलं नाही. आळस, दुसरं काही नाही.

पहिली खेप: दिवसअखेरचा हिशोब

हे सोपं प्रकरण होतं, भराभर सांगतो. संध्याकाळी आडत, हमाली, तोलाई यांची बेरीज काढणारी क्वेरी बटणाच्या क्लिकमध्येच लिहिलेली होती. ती जितके सेकंद चालेल तितके सेकंद विंडो मेलेली. सुरुवातीला मी सगळ्यात स्वस्त उपाय केला: लूपमध्ये मधूनमधून ॲप्लिकेशन.डूइव्हेंट्स. विंडो जिवंत झाली, आणि दोन दिवसांत एका शेतकऱ्याच्या पट्टीत तीच ओळ दोनदा आली. डूइव्हेंट्स रांगेतले मेसेज तिथल्या तिथे उपसून काढतं, त्यात सेव्हच्या बटणाची दुसरी क्लिकही असते. पहिलं सेव्ह अर्धवट असताना दुसरं त्याच्या पोटात सुरू झालं. शेतकऱ्याने पट्टी हातात घेऊन बोटाने पोती मोजली म्हणून कळलं. कोणी डूइव्हेंट्स सुचवलं तर हात जोडून नको म्हणा.

बरोबर उपाय म्हणजे क्वेरी टास्क.रनमध्ये (म्हणजे मागच्या थ्रेडवर) आणि पुढे अवेट (मुख्य थ्रेड न अडवता ती संपायची वाट), बटण तेवढ्यापुरतं बंद. यात एक मेख आहे. क्वेरी मागे गेली तरी ग्रिड (स्क्रीनवरचा ओळींचा तक्ता) भरण्याचं काम मुख्य थ्रेडवरच होणार, त्याला इलाज नाही. माझ्याकडे खरा वेळ तिथेच जात होता, कारण कॉलमची रुंदी ‘सगळ्या सेल बघून ठरव’ अशी लावलेली होती. हजारो ओळींतली एकेक सेल मोजली जात होती. ती ‘फक्त दिसणाऱ्या सेल’वर आणली आणि गोठणं संपलं.

दुसरी खेप: माझ्याकडे एरर येते, त्यांच्याकडे येत नाही

काट्याची वायर वाचायला डॉटनेटचा सिरियलपोर्ट वापरतो. त्याची डेटारिसीव्ह्ड (‘अक्षरं आली’) ही घटना मुख्य थ्रेडवर येत नाही, थ्रेडपूलमधल्या (डॉटनेटने तयार ठेवलेल्या मागच्या थ्रेडांच्या ताफ्यातल्या) कुठल्यातरी थ्रेडवर येते. मी तिथूनच वजनाच्या लेबलवर लिहीत होतो. डीबगरखाली (चुका शोधायच्या साधनाखाली) चालवलं की ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ असं तोंडावर यायचं, गाळ्यावर मात्र काहीच नाही. ही तपासणी डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये एरवी फक्त डीबगर जोडलेला असतानाच चालू असते. गिऱ्हाइकाकडे चूक तीच असते, बोंब मारायला कोणी नसतं. मग कधी लेबल अर्धं रंगतं, कधी काहीच होत नाही, कधी सगळंच अडकतं.

ही तपासणी बंद करायचा एक स्विच आहे, चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स नावाचा. तो फॉल्स करून ‘प्रश्न सुटला’ म्हणणारे मला भेटलेत. इंजिनचा लाल दिवा पेटला म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावण्यातला प्रकार आहे हा. उलट मी तो स्विच टेस्टिंगच्या बिल्डमध्ये मुद्दाम ट्रू करतो, म्हणजे डीबगर नसतानाही चूक ओरडते.

मी शिस्तीत इन्व्होक वापरला: मागच्या थ्रेडने मुख्य थ्रेडला सांगायचं की हे लेबल तू बदल, आणि त्याने बदलेपर्यंत थांबायचं. या वाक्यातला ‘थांबायचं’ हा शब्द तेव्हा माझ्या डोळ्यांवरून गेला.

तिसरी खेप: संक्रांतीच्या आधीचा आठवडा

जानेवारीचा दुसरा आठवडा. चिक्कीच्या गुळाला उठाव, केडगाव-दौंडकडच्या गाड्या पहाटेपासून लागलेल्या. सकाळी साडेनऊला फोन.

“अहो साहेब, परत पांढरं झालंय तुमचं.”

“शेठ, बंद करू नका. तसंच राहू द्या, मी बिबवेवाडीतच आहे, आलोच.”

“तसंच राहू द्या काय म्हणता? दारात गाडी उभीय.”

“दिवाणजी काकांना म्हणावं, तेवढ्यापुरती हाताने लिहा. पाच पोती लिहून होईतो पोचतो.”

पोचलो तेव्हा काका कार्बन घालून शांतपणे लिहीत होते. खरं सांगायचं तर सॉफ्टवेअरपेक्षा फार हळू नव्हते. टास्क मॅनेजर: सीपीयू शून्य. म्हणजे दळण नाही, वाट बघणं. डंप काढला, ॲप मारून पुन्हा चालू करून दिलं आणि घरी येऊन डंप उघडला.

मुख्य थ्रेडचा स्टॅक खालून वर वाचत गेलो. मेसेज लूप, ‘काटा बदला’ बटणाची क्लिक, सिरियलपोर्ट.क्लोज, आणि त्याच्या आत थांबलेला. दुसऱ्या थ्रेडवर डेटारिसीव्ह्ड, माझं वजन वाचायचं फंक्शन, कंट्रोल.इन्व्होक, आणि तोही थांबलेला. क्लोज म्हणत होता, चालू असलेलं हँडलर (डेटारिसीव्ह्ड झालं की चालणारं माझं फंक्शन) संपलं की मी पोर्ट बंद करतो. हँडलर म्हणत होतं, मुख्य थ्रेडने लेबल बदललं की मी संपतो. आणि मुख्य थ्रेड क्लोजमध्ये अडकलेला. बोळात समोरासमोर आलेल्या दोन हातगाड्या, दोघांच्याही मागे रस्ता बंद.

गर्दीतच का, हेही मग उलगडलं. गाळ्यावर दोन काटे आहेत, लहान ढेपांसाठी टेबलावरचा आणि पोत्यांसाठी जमिनीवरचा प्लॅटफॉर्म. एरवी एकच चालतो. गर्दी झाली की दिवाणजी सारखे ‘काटा बदला’ दाबतात, म्हणजे एक पोर्ट बंद, दुसरा उघडा. क्लोजच्या नेमक्या क्षणी हँडलर इन्व्होकमध्ये सापडलं की संपलं. माझ्याकडे घरी हे कधीच का झालं नाही? कारण माझा खोटा काटा (काट्याची नक्कल करणारा प्रोग्राम) दोन सेकंदांत एक वजन पाठवायचा, आणि खरा काटा अखंड बोलत असतो. 9600 बॉडला (वायरीवरून सेकंदाला 9600 बिट) एका अक्षराला 10 बिट धरले तर सेकंदाला 960 अक्षरं. आमचा काटा एका वजनाला 16 अक्षरं पाठवतो. म्हणजे सेकंदाला 60 वजनं. अशा ठिकाणी हँडलर बहुतेक वेळा चालूच असतं.

मी इन्व्होकच्या जागी बिगिनइन्व्होक टाकला. तो फक्त निरोप ठेवतो आणि पुढे जातो, थांबत नाही. गाठ सुटली. शेठना सांगितलं, आता नाही व्हायचं. असं सांगू नये.

चौथी खेप: दुपारी दोननंतर

पुढच्या आठवड्यात तक्रार बदलली. सकाळी सगळं झकास, दुपारी क्लिक उशिरा लागायला लागते, दोनच्या पुढे विंडो पांढरी. ॲप बंद करून चालू केलं तरी थोड्या वेळात पुन्हा तेच. या वेळी मी आधी टास्क मॅनेजर बघितला: सीपीयू 25 टक्के, मेमरी चढत चाललेली. म्हणजे उलटा रोग. कोणी कोणाची वाट बघत नाही, मुख्य थ्रेड राबून राबून मेलाय.

गंमत अशी की इन्व्होक थांबत होता, तेव्हा काट्याला आपोआप लगाम होता. मुख्य थ्रेड मोकळा होईपर्यंत पुढचं वजन वाचलंच जात नव्हतं. बिगिनइन्व्होकने तो लगाम काढून टाकला. आता सेकंदाला 60 निरोप पडत होते, मुख्य थ्रेडला झेपो न झेपो. आणि प्रत्येक निरोपात मी काय करत होतो? लेबल बदल, ग्रिडमधल्या सगळ्या ओळींची बेरीज पुन्हा कर, ग्रिड पुन्हा रंगव. सकाळी दहाएक ओळी असतात तेव्हा हे काम चार मिलीसेकंदांत व्हायचं. दुपारपर्यंत ओळी वाढून ते 20 मिलीसेकंदांवर गेलं. 60 गुणिले 20 म्हणजे 1200. एका सेकंदात मिलीसेकंद 1000. ज्या ओळीला हा हिशोब उलटा झाला, तिथून रांग वाढतच जाणार. मेमरी चढत होती ती याच साठलेल्या निरोपांनी.

त्यात विंडोजचा रांगेतला क्रम समजून घ्या. असे पोस्ट केलेले मेसेज आधी उचलले जातात, माउस आणि कीबोर्ड त्यांच्या मागे, रंगवणं त्याच्याही मागे, टायमर सगळ्यात शेवटी. शिवाय विनफॉर्म्स साठलेले निरोप एका दमात, यादी रिकामी होईपर्यंत चालवतं. यादीत भर पडतच राहिली तर तो लूप संपतच नाही. माउस आणि रंगकाम दारात उभेच.

उपाय नवा थ्रेड नव्हताच, तो आधीच होता. उपाय होता निरोपच न देणं. हँडलर आता स्क्रीनला हात लावत नाही. ते फक्त ताजं वजन एका जागी ठेवतं, आधीचं पुसून. विंडोवर मुख्य थ्रेडवरच वाजणारा फॉर्म्सचा टायमर दर 150 मिलीसेकंदांनी त्या जागेकडे बघतो आणि वजन बदललं असेल तरच लेबल लिहितो. काटा सेकंदाला 60 वेळा बोलला तरी माणसाचा डोळा सहासात वेळांनी तृप्त असतो. बेरजेचा तर वजनाशी संबंधच नव्हता. ओळ पडली की त्या ओळीचं वजन मिळवायचं, झालं. टायमर निवडताना मात्र जपून: सिस्टीम.टायमर्समधला टायमर आपणहून पुन्हा मागच्या थ्रेडवर वाजतो, आणि तुम्ही फिरून दुसऱ्या खेपेत.

‘एका जागी ठेवतं’ म्हणालो, त्यातही एक खड्डा आहे. वजन डेसिमलमध्ये ठेवलं तर ते 16 बाइटचं असतं, एका फटक्यात लिहिलं जात नाही. एक थ्रेड लिहीत असताना दुसऱ्याने वाचलं तर अर्धं जुनं आणि अर्धं नवं असं कुठल्याच पोत्याचं नसलेलं वजन हातात येऊ शकतं. पट्टीवर शेतकऱ्याचे पैसे ठरतात, तिथे हे परवडत नाही. मी ग्रॅममध्ये साधा 32 बिटचा पूर्णांक ठेवला. तो तुटत नाही. शिवाय व्होलाटाइल लावलं, म्हणजे टायमरला जुनीच किंमत दिसत राहायला नको.

जाता जाता आणखी तीन जागा

अवेट असलेलं फंक्शन मुख्य थ्रेडवरून बोलावून त्यावर .रिझल्ट किंवा .वेट लावलं, तर तीच हातगाड्यांची गत होते. अवेटनंतरचा भाग मुख्य थ्रेडवर परत यायला बघतो आणि मुख्य थ्रेड रिझल्टवर अडून बसलेला. अवेट वापरायचं तर क्लिकपर्यंत सगळीकडे वापरा.

प्रोग्रेस बारसाठीचं प्रोग्रेस ऑब्जेक्ट मुख्य थ्रेडवरच बनवा. ते जिथे जन्मतं तिथला संदर्भ धरून ठेवतं. टास्क.रनच्या आत बनवलं तर त्याचे निरोप थ्रेडपूलवर जातात.

आणि लॉक हातात धरून इन्व्होक कधीच करू नका. हा डंपमध्ये ओळखायला सगळ्यात सोपा आणि कोड वाचून सापडायला सगळ्यात अवघड.

पोर्ट बंद करायचा क्रम मी आता असा ठेवलाय: आधी डेटारिसीव्ह्डची जोडणी काढायची, मग क्लोज टास्क.रनमध्ये अवेट करायचं, तोवर ‘काटा बदला’ बटण बंद, मग थोडा दम खाऊन दुसरा पोर्ट उघडायचा. क्लोजनंतर तोच पोर्ट लगेच पुन्हा ओपन करायची वेळ आली तर तो अजून सुटलेला नसू शकतो. विंडो बंद करतानाही हेच, फक्त फॉर्मक्लोजिंगमध्ये पहिल्यांदा बंद होणं रद्द करायचं, पोर्ट सोडायचा आणि मग आपणच क्लोज म्हणायचं.

आता घरचा खोटा काटाही सेकंदाला 60 वजनं पाठवतो, ग्रिडमध्ये आधीच 500 ओळी भरलेल्या असतात, आणि ‘काटा बदला’ 200 वेळा आपोआप दाबला जातो. हे सगळं पार पडल्याशिवाय नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर जात नाही.

एवढं करूनही एक गोष्ट दिवाणजी काकांनीच पकडली. “काट्यावर काही नाही, आणि स्क्रीनवर 48.650 तसंच बसलंय. असं चालेल का?” वायर सैल झाली होती. पूर्वी स्क्रीनवरचं वजन थिजलं की ॲपच अडकलंय असं वाटायचं, म्हणून हे कधी वेगळं दिसलंच नाही. आता विंडो इतकी जिवंत होती की शेवटचं शिळं वजन बिनदिक्कत दाखवत बसली. मग वजनासोबत ते आल्याची वेळही ठेवली. नुसता पूर्णांक पुरेना, म्हणून वजन आणि वेळ मिळून एक न बदलणारं ऑब्जेक्ट, दर वेळी नवं, आणि फक्त त्याचा संदर्भ बदलायचा. तोही तुटत नाही. वजन एका सेकंदाहून शिळं असेल तर टायमर आकड्याच्या जागी आडव्या रेघा दाखवतो आणि एंटर बंद करतो.

आता रेघा दिसल्या की काका मला फोन करत नाहीत. टेबलाखाली वाकून वायर खोचतात, आणि पुढचं पोतं मागवतात.